मंडईच्या दिवशीची दौड

आमचं कॉलेज गावाबाहेर, धानाच्या बांध्यांना लागून आहे. मी तिथलाच जुना विद्यार्थी. आता एका राइस मिलमध्ये हिशेब पाहतो. दिवाळीनंतर कॉलेजात मदतीसाठी दौड घ्यायची ठरली, तेव्हा मार्गाची आखणी आणि मोजणी माझ्याकडे आली.

मदत हवी होती दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला. लहानपणापासून तिच्या पायांत जोर नाही. कामठ्याकडच्या एका खेड्यातून तिचे वडील तिला रोज सायकलच्या कॅरिअरवर उशी बांधून आणत. त्या वर्षी धानाच्या रोवणीत त्यांची कंबर धरली ती सुटलीच नाही, तरी ते कसंबसं आणत होते. बॅटरीवर चालणारी तीनचाकी मिळाली नाही, तर पुढच्या सत्रापासून मुलगी घरी बसणार होती. हे तिनेच प्राचार्यांना सांगितलं होतं. रडून नव्हे, रजेचा अर्ज द्यावा तसं.

आमच्या मिलच्या शेठजींनी शब्द दिला, “डेढ़ सौ लोग पूरा दौड़ेंगे, तो गाड़ी मेरी तरफ से. जो आधे में बैठ गया, वो गिनती में नहीं.” मला अट आवडली. तिच्यात धूसर काही नव्हतं.

मैदानाला चार फेऱ्या म्हणजे दोन किलोमीटर, असं सगळे धरून चालले होते. फीत लावली तर अंतर थोडं कमी भरलं, म्हणून सुरुवातीची रेषा मी सायकल स्टँडपर्यंत मागे नेली. दोन प्राध्यापक आणि मी, तिघांनी दिनदर्शिका पाहून परीक्षा आणि लग्नतिथी टाळून एक रविवार निवडला. छातीवर लावायचे कापडी क्रमांक छापून आले. घरी सांगितलं, तर बायको भाजी चिरता चिरता थांबली.

“या रविवारी? त्या दिवशी तर माझ्या माहेरी मंडई हाये. अन् बाजूच्या दोन गावांची पण. तुम्ही धावा, मी तर जाऊन राहिली.”

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दुकानं, आकाशपाळणा, रात्री नाटक हे सगळं असतंच. पण खरी मंडई घराघरांत असते, पाहुण्यांची. दिवस गावच ठरवतं, त्यामुळे तो कुठे छापलेला नसतो. आम्ही तिघंही खेड्यांतलेच, पण इतकी वर्षं शहरात राहून भिंतीवरची दिनदर्शिका बघायची सवय लागलेली.

दुसऱ्या दिवशी नावं दिलेली पोरं एकेक करून येऊ लागली. “काका, घरी पाहुणे हायेत, त्यायले सोडून कसं येऊ?” आठवडा अर्धा सरला तेव्हा नक्की येणारे सत्तरच्या आसपास उरले. पुढच्या रविवारी दुसऱ्या गावांची मंडई, आणि त्यानंतर परीक्षा. मी आकडे प्राध्यापकांपुढे ठेवले.

बाकावर बसलेली ती मुलगी म्हणाली, “काका, पाहुण्यांना सोडून येता येत नाही. घेऊन तर येता येते ना?”

“पाहुण्यांना धावायला लावायचं?”

“मंडईत दिवसभर पायीच तर फिरतात. इथं चारच फेऱ्या. वरून पोहे.”

मला ते पटलं, तरी आधी शेठजींना विचारणं भाग होतं. अट घालताना त्यांच्या मनात विद्यार्थी असणार. शेठजी हसले. “मुनीमजी, दौड़ने वाला किसका मेहमान है, ये मैंने पूछा क्या?”

रविवारी सकाळी फाटकातून माणसं येतच राहिली. कोऱ्या धोतरातले मामा, पदर खोचलेल्या मावश्या, काल रात्रीच आलेले व्याही. कापडी क्रमांक संपले. मग मी मिलच्या पावत्यांवर मारायचा रबरी शिक्का आणवला आणि राहिलेल्यांच्या मनगटावर मारला. त्यावर अक्षरं होती ‘माल मिळाला’. एक मावशी म्हणाली, “आता मले घरी कोन नेईल, जमा करून घेतलं यायनं!” माझा साळा माझ्या बायकोला सोबत घेऊनच आला होता. सगळ्यांदेखत ओरडला, “भाऊजी, तुमी मंडईले येत नाही, म्हून मंडईच आनली!”

मुलीचे वडीलही रेषेवर येऊन उभे राहिले.

“बाबा, बसा तुम्ही.”

“काऊन? पाहुणे धावून राहिले अन् मी बसू?”

शेवटच्या रेषेवर ती खुर्ची टाकून बसली आणि मनगटं, क्रमांक पाहून मोठ्याने मोजू लागली. मी शेजारी उभा राहून खुणा करत होतो. तिसऱ्या फेरीत वडील कंबर धरून कडुनिंबाखाली बसले. मी तिच्याकडे पाहिलं.

“बाबांना मोजणीत नका धरू,” ती म्हणाली, “अर्ध्यात बसले ते.” आणि पुढच्या मामांचं मनगट बघू लागली.

त्यांना न धरताही दीडशेचा आकडा मागे पडला. शेठजींनी माझी बेरीज पुन्हा तपासायला मागितली नाही.

नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम कॉलेजवरून मिलला गेलो. ती तीनचाकीवर फाटकातून आत वळली. मागून वडील हळूहळू सायकल मारत आले आणि फाटकाबाहेर थांबले. कॅरिअरला उशी तशीच बांधलेली.

“आता उशी कशाला?” मी विचारलं.

“गाडी रस्त्यात बंद पडली तं?” ते म्हणाले. गाडी वर्गाच्या पायऱ्यांपाशी पोचेपर्यंत ते तिथेच उभे होते. मग उशीची दोरी एकदा ओढून पाहिली आणि सायकल गावाकडे वळवली.