सापळ्याला टोपी

काळजी करण्याच्या कामात माझ्या साडूंचा हात धरील असा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात नाही, आणि असलाच तर साडूंना त्याचीही काळजी लागून राहिली असेल. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात माल तपासण्यात त्यांचा जन्म गेला. तिथे त्यांनी एवढे नटबोल्ट नापास केले की त्या ढिगाचा दुसरा येऊरचा डोंगर उभा राहिला असता. वर्तकनगरातल्या त्यांच्या घरात उघडी म्हणून वस्तू नाही. रिमोट पिशवीत, मिक्सरला झबलं, सिलिंडरला परकर. रात्री मोबाइलसुद्धा दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून कपाटात. "दव काय, धूळ काय, कशाचा भरवसा आहे?" हे त्यांचं बोधवाक्य.

अशा माणसाने निवृत्तीनंतर कल्याणच्या पुढे अर्धा एकर कसायला घ्यावा आणि त्यात वांगी लावावीत, म्हणजे काळजीच्या घरी स्वतःहून घरजावई म्हणून जाणं. त्यातच लेकीला दिवस गेले. पहिल्या खेपेला आशा लागून मोडली होती, त्यामुळे ती माहेरी आल्यापासून घरात कोणी मोठ्याने शिंकतही नसे. तिला डोहाळे लागले भरल्या वांग्यांचे. साडूंनी शब्द देऊन टाकला, डोहाळजेवणाला वांगी माझ्या शेतातली, औषधाचा थेंब न पडलेली.

मग अळी कशी रोखायची? साडूंनी कामगंध सापळे आणले. त्यात मादी पतंगाच्या वासाची एक गोळी टांगलेली असते. नर त्या वासाला भुलून येतो आणि खालच्या पाण्यात पडतो. किती पडले त्यावरून शेतात कीड किती, ते कळतं. साडू रोज सकाळी चष्म्यावर चष्मा लावून प्रत्येक सापळ्यात डोकवायचे. एकही पतंग नाही. आठवडे उलटले तरी नाही. शेवटी साडू आयुष्यात पहिल्यांदा निर्धास्त झाले. माझ्या मेहुणीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाटलं की यांना ताप आलाय. तिने कपाळाला हात लावून पाहिला.

आणि वांग्यांचे शेंडे माना टाकायला लागले. चिरून बघावं तर आत अळी. सापळे रिकामे आणि शेत पोखरलेलं! आजूबाजूचे शेतकरी म्हणाले, काका, एक फवारा मारा आणि सुटा. साडूंनी मागून आणलेला पंप पाठीला लावला, उतरवला, परत लावला. डोहाळजेवण तोंडावर आलेलं. मला फोन करून एवढंच म्हणाले, "तुम्ही या. मला काही सुचत नाही."

मी मानपाड्याहून स्कूटर अशी पिटाळली की खड्डेच बाजूला होत गेले. पोचलो तेव्हा दिवस मावळत होता आणि साडू एकेका सापळ्याला प्लास्टिकची पिशवी घालून रबर लावत होते.

"हे काय?"

"दव पडतं ना. गोळी वाया जायची. सकाळी काढतो की."

"साडूभाऊ, हे पतंग उडतात कधी?"

"रात्री," ते म्हणाले. आणि रबर बोटांवर तसंच ताणलेलं राहिलं.

पिशव्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी सापळ्यांत एवढा खच पडला की नुसत्या पंखांची रजई शिवता आली असती. किडके शेंडे साडूंनी एकेक करून खुडले आणि पंप ज्याचा त्याला परत केला. डोहाळजेवणाच्या सकाळी वांग्याला चिरा पडल्या रे पडल्या की साडू आत बॅटरी मारून बघत आणि नापास करत. पास झाली ती जेमतेम एका ताटापुरती. आम्हा बाकीच्यांना बटाटा. लेकीने देठसुद्धा चोखून खाल्लं. हिरव्या साडीवर मसाला सांडला, तर साडूंनी तो पुसायचं सोडून ताट तिच्याकडे आणखी सरकवलं.

डॉक्टर डोंबिवलीचे, म्हणून बाळंतपण सासरीच ठरलं आणि ती परत गेली. परवा मी साडूंकडे वस्तीला होतो. निजायच्या आधी त्यांनी मिक्सरचं झबलं सारखं केलं, रिमोटच्या पिशवीला नवं रबर लावलं. मोबाइल मात्र उशाशी उघडाच ठेवला.

"धूळ बसेल हो," मी म्हणालो.

"बसू दे," ते म्हणाले, "रात्रीच आला फोन, तर?"