नळीतला उजेड

सैन्यातून निकालात निघालेल्या रायफली मिस्त्रींच्या दुकानात यायच्या, तेव्हाही त्यांचा ताठा उतरलेला नसे. मिस्त्री त्यांना बाकावर आवळायचे, गोळीला गिरकी देणारे नळीतले वळसे कापून काढायचे आणि छर्‍याची साधी बंदूक करून रानडुकरांमागे धाडायचे. शेवटी नळी खिडकीकडे धरून एक डोळा मिटायचे. आतला उजेड गुळगुळीत दिसला की म्हणायचे, "आली माणसात!" हे बघणं त्यांचं एकट्याचं. बायको शेजारीच बंदुकांच्या लाकडी दस्त्यांना तेल चोळायची, पण नळीला डोळा लावायची तिला बंदी.

अलीकडे त्या उजेडात धुकं उतरलं होतं. मिस्त्रींनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. डोळे गेले की दुकान गेलं, मग आपण घरात खुंटीवरच्या जुन्या कोटासारखे, हेच डोक्यात.

अशात मळ्याचा राखणदार आपली बंदूक न्यायला आला. दुकानामागच्या मातीच्या ढिगावर जुनी चादर ताणून मिस्त्रींनी बार काढला. चादरीवर छर्‍यांचं बांगडीएवढं नाही, चांगलं परातीएवढं कडं उमटलं. मध्ये सगळं कोरं.

राखणदार हसला. "मिस्त्री, यातून डुक्कर सहकुटुंब निघून जाईल की!"

"काडतूस भिकार आहे."

दुसरं काडतूस, तेच कडं.

बायकोने न विचारता बंदूक घेतली, नळीमागचा बोल्ट काढला आणि नळी उजेडाकडे धरली. "अहो, वळसे राहिलेत आत. तेच छर्‍यांना गरगरवून बाहेर फेकतायत."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला काय, डोळे लागतात." मग ती हळूच म्हणाली, "चहात मीठ घालता ते काय हौसेनं? कधीची बघतेय मी."

मिस्त्री बंदूक घेऊन दुकानात बाकाकडे वळले. मग म्हणाले, "कुठपर्यंत आहेत?"

तिने नळीवर बोट ठेवलं. त्यांनी नळी आवळली, पातं फिरवलं. हात काहीच विसरला नव्हता. ती बघत सांगत होती, "अजून. अजून थोडं. हां, बास!"

पुढच्या बाराला छर्रे चादरीच्या मधोमध दाट आणि सारखे बसले.

"आता डुकराची धडगत नाही," राखणदार म्हणाला.

"माझ्या चादरीची तरी कुठंय!" बायको म्हणाली.

"भावाची रायफल आणू का मग?" राखणदाराने विचारलं.

"आण," मिस्त्री म्हणाले. बाकावरची दुसरी नळी उचलून त्यांनी बायकोपुढे धरली. "बघ गं. आणि खरं सांग."

"खोटं तुम्ही बोलता," ती म्हणाली आणि तिने एक डोळा मिटला.