हजारातलं एक

मोरजी गावच्या तेंबवाड्यावर जानकीला ओळखत नाही असं घर नव्हतं. सकाळी तिच्या डोक्यावर मासळीची पाटी असायची आणि थंडीच्या दिवसांत कधीकधी त्याच पाटीत फडक्याखाली कासवाची अंडी. वाळूवरचा माग बघून, बारीक सळई खुपसून ती नेमकी खड्ड्यापाशी पोचायची. सासूने शिकवलं होतं तिला. कुणाला दमा, कुणाच्या लेकराला अशक्तपणा, की जानकीला निरोप यायचा. अंडी तिने कधी विकली नाहीत, तशीच दिली. आणि देताना न चुकता सांगायची, ह्यातलं पांढरं कितीही उकळा, घट्ट होत नाही. उगाच चूल जाळत बसू नका.

गोवा वेगळं राज्य होऊन दहाबारा वर्षं झाली होती. त्या माघात तिची लेक दीपा, नववीतली, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात बोलणार होती. कशावर, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तूच येऊन आयक." जानकीने हातांना लिंबू चोळलं, धुवट लुगडं नेसली आणि वर्गात मागच्या बाकड्यावर, जनेलाच्या गजांजवळ, अंग चोरून बसली.

दीपाने फळ्यावर तक्ता टांगला. तक्त्यावर कासव! जानकीला हसूच आलं. एवढं शिकायला शाळेत कशाला जायला हवं? दीपा इंग्लिशमध्ये बोलू लागली. जानकीला एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती कौतुकाने मान डोलवत होती. मग विज्ञानाचे गोकुळदास सर म्हणाले, "पालक आलेत. त्यांना कळेल असं सांग."

दीपा मराठीत सांगू लागली.

"ही जात संपत चाललीय. कासवीण ज्या किनाऱ्यावर जन्मते, तिथेच कितीतरी वर्षांनी अंडी घालायला परत येते. शंभरेक अंडी घालते. वाळू जास्त तापली तर माद्या होतात, कमी तापली तर नर. पण हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं. आणि लोक अंडी उकरून नेतात."

'लोक' म्हणताना तिने जनेलाकडे बघायचं टाळलं.

जानकीच्या डोक्यात गोंधळ उडाला. मुलगी होणार की मुलगा हे वाळू ठरवते? आणि दर थंडीत येणारं कासव संपेल कसं? सरांनी कुणाला काही विचारायचंय का म्हटलं, तेव्हा ती कधी उभी राहिली ते तिलाच कळलं नाही.

"सर, हजारातला एकच जगता मां? मगे आमी काडली ती अशीय मरतलीच आसली."

वर्गात खसखस पिकली. सर मात्र हसले नाहीत.

"खरं आहे, बाई. पण ते एक कुठल्या अंड्यात असतं, हे कुणाला ठाऊक?"

"म्हणजे मी काडलेल्यांत ता आसला काय नाय?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

परतताना जानकीने लेकीला विचारलं.

"माका लोक म्हणालंस गो?"

"नाव घेतलं असतं तर चाललं असतं?" दीपा रडवेली झाली.

दोनच दिवसांपूर्वी जानकीने एक खड्डा हेरून ठेवला होता. शेजारच्या बाबुरावला त्यातली अंडी कबूल केली होती. त्याच्या बायकोला, रंजनाला, दम्याने हैराण केलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता जानकी तिथे गेली. हातभर वाळू उपसली. पहिलं अंडं बोटांना लागलं, मऊ, ओलसर. आणि तिला एकदम केरी आठवली. दीपाच्या वेळी ती माहेरी केरीलाच गेली होती. दिवस भरत आले तसा दुसरा विचारच सुचला नव्हता. ही कासवीणसुद्धा कुठून कुठून पोहत माहेरी आली? जानकीने वाळू परत लोटली. मग रंजनाची धाप आठवली, तशी पुन्हा हात घातला. असं दोनदा झालं. शेवटी ती रिकामी पाटी घेऊन उठली.

"मेळाक नाय," तिने बाबुरावला सांगितलं. तो तिच्या नखांतल्या वाळूकडे बघत राहिला.

पन्नासेक दिवसांनी एका पहाटे पिल्लं बाहेर आली. जानकी आणि दीपा रोज जाऊन बघतच होत्या. साठपर्यंत मोजली, मग हिशेब चुकला. जानकी पदर फडकावून कावळ्यांना हाकलत होती, तरी एकाने डोळ्यांदेखत पिल्लू उचललंच.

"ताच आसला तर गो?" ती ओरडली.

"आई, असं नसतं ते," दीपा म्हणाली. मग तीही कावळ्यांमागे धावली.

पुढच्या थंडीत सर वनखात्याच्या माणसांना घेऊन आले. जानकीने त्यांना सात खड्डे दाखवले, सळई न खुपसता. त्यांनी कुंपण घातलं, तिचं नाव लिहून घेतलं. आपण बरं केलं की वाईट, हे तिला तेव्हाही उमगलं नाही. रंजनाचा दमा तसाच आहे. जानकी तिच्यासाठी अधूनमधून पेज नेते. बाबुराव दार उघडतो, भांडं घेतो, आणि आत जातो.