मुदत भरेपर्यंत पातोळ्या

पेडण्यापासून डिचोलीपर्यंतच्या समस्त लोकांस कळवण्यात येतं की, एक अत्यंत गंभीर गुन्हा आज उघड होत आहे, आणि गुन्हेगार पोटभर जेवून, पान लावून तुमच्यासमोर बसला आहे. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून माझं काय लपतं?

आधी एक ऐका. माझ्याकडे पैसे होते. गरिबी, आजारपण, नशीब — यातलं काहीही मी पुढे करणार नाही.

मी डिचोलीत घरं बांधायची कंत्राटं घ्यायचो. चिरे यायचे पेडण्याहून, गोपाळबाबांच्या खाणीतून, उधारीवर. एका मोठ्या घराचे चिरे आले, घर उभं राहिलं, मालकाने माझा हिशेब चुकता केला. आणि मी? मी म्हापशाला एका वकिलाकडे गेलो. ‘माझा एक मित्र आहे’ — अशी सुरुवात केली. वकील म्हणाले, मालाच्या पैशांसाठी तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. मात्र मित्राने मध्येच थोडी रक्कम चेकने दिली, किंवा देणं आहे असं लिहून सही केली, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे करायचं काय? काहीच नाही. आणि काहीच न करण्यात माझा हात कोण धरणार?

आमच्याकडे सणाला, देवकार्याला आलेला माणूस यजमानाकडे पैशांचा विषय काढत नाही. जीभच उचलत नाही. म्हणून मी गोपाळबाबांना बोलावत राहिलो — चतुर्थीला, सत्यनारायणाला, जत्रेला. म्हापशाला बस बदलून ते यायचे, हातात नारळ. पानात पातोळ्या मी स्वतः वाढायचो. निघताना ते पायरीवर थांबायचे, घसा खाकरायचे... आणि ‘बरं, येतो’ म्हणायचे. खोटं कशाला सांगू? मला मजा यायची.

तिसऱ्या वर्षी मात्र ते कुठलाच सण नसताना आले. चिरे कापायच्या मशीनचे हप्ते थकले होते. पैसे त्यांनी मागितलेच नाहीत. देणं आहे एवढं दोन ओळींत लिहून दे, बँकेला दाखवतो, ते थोडे थांबतील — बस, इतकंच.

दशावतारात मी राजाची कामं केली आहेत. मी उठून उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आणलं. म्हटलं, गोपाळबाब, माझ्या शब्दाची किंमत आता कागदाएवढीही राहिली नाही?

“चुकलो रे पुता,” माझा हात धरून ते म्हणाले. “राग धरू नको.”

मशीन गेलं. मागोमाग खाण बंद पडली.

नंतर तरी दिले असतील, म्हणाल. नाही दिले. मुदत संपली की दावा मरतो, देणं मरत नाही — हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तेव्हा भूल, मोह, तरुण वय असले शब्द मला चिकटवू नका. मी ते डोळे उघडे ठेवून केलं — आणि छान केलं.

मुदत भरली त्या आठवड्यात पुन्हा वकिलाकडे गेलो. त्यांनी तारखा पाहिल्या, चष्मा काढला आणि म्हणाले, सुटला तुमचा मित्र. तेव्हा बाहेरच्या बाकावरच्या पक्षकारांनाही ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या तोंडून निघून गेलं:

“म्हणजे यंदा गोपाळबाबांना चतुर्थीला बोलवायला नको?”