आयडेलाचे अडुसष्ट ठोके

केंटकीच्या डोंगराळ भागातील एल्डरफोर्ड हे एका लहान काउंटीचे मुख्य ठाणे. चौकाच्या मधोमध लाल विटांची कचेरी आहे, तिच्या मनोऱ्यावर चार तोंडांचे घड्याळ आहे आणि घड्याळाच्या खाली घंटा आहे. या घंटेची दोरी एकेचाळीस वर्षे ओरिन स्टॅग्ज यांच्या हाती होती. कचेरीची झाडलोट करणे, हिवाळ्यात भट्टी पेटवणे आणि दर शनिवारी घड्याळाला चावी देणे ही कामेही तेच करत असत. परंतु गावात त्यांना मान होता तो घंटेमुळे.

गावात कोणी मरण पावले, की त्याच्या वयाइतके ठोके द्यावयाचे आणि दोन ठोक्यांमध्ये एक पूर्ण श्वास जाऊ द्यावयाचा, अशी तेथील रीत होती. पहिला ठोका पडताच न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबे, चौकातले पुरुष टोप्या काढत आणि घरातल्या बायका शेगडी बारीक करून मोजू लागत. मोजणी संपली, की कोण गेले हे सहसा विचारावे लागत नसे. अंथरुणाला कोण खिळले आहे आणि त्याचे वय काय, हे सर्वांना पाठ होते.

या रीतीला एक नियम होता. ज्याचा मृत्यू काउंटीच्या हद्दीत झाला, त्याच्यासाठीच घंटा वाजे. नदीपलीकडच्या ग्रेशम गावाने एके काळी कचेरी आपल्याकडे नेण्याचा प्रयत्न केला होता आणि त्या भांडणात काउंटीचे दोन तुकडे झाले होते. तेव्हापासूनचा हा नियम, असे ओरिन यांना त्यांच्या आजोबांनी सांगितले होते. ओरिन यांनी तो कधी मोडला नाही. त्यांचा कुत्रा चोरणाऱ्या माणसासाठीही त्यांनी चौपन्न ठोके बिनचूक दिले होते.

त्यांची धाकटी बहीण आयडेला लग्न करून ग्रेशमला गेली आणि सेहेचाळीस वर्षे तेथेच राहिली. फेब्रुवारीत ती वारली. तिची मुलगी वॉनेटा त्याच सकाळी नदी ओलांडून आली. ओरिन भट्टीत कोळसा टाकत होते.

"मामा, आई गेली."

ओरिन यांनी फावडे भिंतीला टेकवले आणि टोपी काढली.

"उद्या अकराला दफन आहे," वॉनेटा म्हणाली. "तेव्हा घंटा वाजवाल ना? आई ओसरीवर बसून तुमचे ठोके मोजायची. मोजून झालं की सांगायची, बघ, अमका गेला. तिचा अंदाज एकदाही चुकला नाही."

"ती ग्रेशमची झाली होती, पोरी."

"जन्मली कुठं होती? या चौकामागच्याच घरात ना?"

"जन्माचं नसतं त्यात. मरण कुठं आलं ते बघायचं असतं. आज तुझ्या आईसाठी वाजवली, तर उद्या नदीपलीकडचा जो तो येईल माझ्याकडे."

"आई म्हणजे जो तो आहे का, मामा?"

ओरिन यांनी पुन्हा फावडे उचलले. वॉनेटा निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ते ग्रेशमच्या दफनभूमीत सर्वांच्या मागे उभे होते. अकराच्या सुमारास नदीवरून घंटेचा आवाज आला. घड्याळ त्याच घंटेवर तास वाजवत होते. वॉनेटाने मान वर केली. तिचे ओठ हलत होते. अकरा ठोके झाले आणि आवाज थांबला. ती बाराव्या ठोक्याची वाट पाहत राहिली, हे ओरिन यांनी पाहिले.

त्याच वर्षी उन्हाळ्यात एल्डरफोर्डचे लहानसे इस्पितळ बंद पडले. गावातले आजारी लोक ग्रेशमला जाऊ लागले आणि तेथेच मरू लागले. सप्टेंबरात काउंटीचा कारभार पाहणाऱ्या जजसाहेबांनी ओरिन यांना सभेत बोलावले.

"ओरिनकाका, आता मरायला सगळे ग्रेशमलाच जाणार. मग तुमची घंटा काय नुसती जेवायची वेळ सांगणार? आपलं माणूस कुठंही मरो, ठोके द्या."

"पण साहेब, नियम आहे."

"दाखवा बरं, कुठं लिहिलाय?"

कारकुनाने शंभर वर्षांची हुकुमांची पुस्तके चाळली. असा नियम कोठेही लिहिलेला नव्हता. आजोबांनी एकदा तो रागाच्या भरात उच्चारला असेल आणि नातवाने तो जन्मभर पाळला, एवढेच त्यातून निघाले. कोणी हसले नाही. जजसाहेबांनी कॉफीचा घोट घेतला आणि पुढचा विषय रस्त्यावरच्या खड्ड्यांचा निघाला.

दुसऱ्याच आठवड्यात खिळे-मोळ्यांच्या दुकानाचे म्हातारे मालक ग्रेशमच्या इस्पितळात वारले. ओरिन यांनी एक्क्याऐंशी ठोके दिले. सारा चौक उघड्या डोक्याने उभा होता. खाली उतरताना ओरिन यांना जिन्यात तीन वेळा बसावे लागले.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी, कोणालाही न सांगता, ते मनोऱ्यावर चढले आणि त्यांनी अडुसष्ट ठोके दिले. प्रत्येक ठोक्यानंतर त्यांनी पूर्ण श्वास जाऊ दिला. आठ महिन्यांपूर्वी वारलेली बहीण लोकांच्या ध्यानात कशी येणार, हे त्यांच्या मनातच आले नाही. गावाने मोजले आणि गावाला एकच नाव सुचले. मेव्हिस लॉकहार्ट. ती अडुसष्ट वर्षांची होती आणि खुब्याचे हाड मोडून दोन महिने घरात पडून होती.

दुपारी मेव्हिस शेजारणीच्या मोटारीतून कचेरीत आली. चार पायांची काठी फरशीवर आपटतच ती आत शिरली.

"ओरिन स्टॅग्ज! मी मेले म्हणे!"

"बस, मेव्हिस."

"बसायला वेळ कुठाय? माझ्या घरी माझ्याच मयताचं जेवण आलंय. सात भांडी! भाजलेली मॅकरोनी, अख्खं हॅम, पीचचा केक. आजारपणात मला कुणी एक अंडं उकडून दिलं नाही. आणि भांडं घेऊन आलेली ती एस्टर, मी दार उघडल्यावर मला बघून अशी किंचाळली, की मीच तिला पाणी पाजलं."

"तुझ्यासाठी नव्हते ते ठोके."

"तेवढं कळतंय मला! मग कुणासाठी होते?"

"आयडेलासाठी."

मेव्हिस बाकावर बसली. आयडेला आणि ती शाळेत शेजारी बसत असत.

"आता?" ती हळूच म्हणाली. "अरे, मला आधी सांगायचंस. कुणाचा तरी हात धरून मी चौकात उभी राहिले असते तिच्यासाठी. मी घरात पडल्या पडल्या माझंच वय मोजत बसले." मग तिने विचारले, "वॉनेटाला सांगितलंस?"

"नाही."

"कर फोन. मी बसलेय इथं."

वॉनेटा शर्ट शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिला फोनवर बोलावून आणावे लागले. मागे यंत्रांचा आवाज चालू होता. ओरिन यांनी घडलेले सांगितले.

"मला काही ऐकू आलं नाही, मामा. मी मशीनवर होते."

"मी पुन्हा वाजवतो. तू म्हणशील त्या दिवशी. तू इकडे ये, चौकात उभी राहा. मी सगळ्यांना सांगून ठेवतो."

"कुणासाठी?" ती म्हणाली. "मी मागितले तेव्हा आई अजून घरात होती. तेव्हा हवे होते ते ठोके. आज वाजवलेत ते तुमच्यासाठी." तिचा आवाज चढला नव्हता. "रागावून नाही सांगत. पण आता पुन्हा नको. मेव्हिस मावशींना तरी किती वेळा मारणार?"

यंत्रांचा आवाज बंद झाला. फोन ठेवला गेला होता.

"काय म्हणाली?" मेव्हिसने विचारले.

"नको म्हणाली."

मेव्हिस काठीला धरून उठली. "चल, जेवायला तरी चल. सात भांडी मी एकटीनं संपवायची का?"

ओरिन गेले नाहीत. बाहेर कचेरीच्या पायऱ्यांवर सात-आठ माणसे उभी होती आणि मेव्हिस नाही तर मग कोण गेले, असे एकमेकांना विचारत होती. ओरिन टोपी हातात घेऊन त्यांच्यापाशी गेले.

"माझी बहीण," ते म्हणाले. "फेब्रुवारीत गेली."