डाव्या चाकाचा बोल्ट

फोन आला तेव्हा मी इस्लामपुरात घराच्या पायरीवर शंकरदादाची वाट बघत बसलो होतो. आमची आठ माणसांची घरची गाडी घेऊन तो लोणंदला पाहुण्यांना सोडायला गेला होता. परतताना खंबाटकी घाट उतरत असता ब्रेक लागले नाहीत... दादा जागीच गेला.

तो माझा थोरला चुलतभाऊ. वीस वर्षे गाडीचे ब्रेक त्यानेच घरी खोलले. चाक काढायचे, कॅलिपरचे, म्हणजे ब्रेकच्या पकडीचे, दोन बोल्ट सोडवायचे आणि ती तारेच्या आकड्याने स्प्रिंगला टांगायची. एकदा मी मापे मोजण्याच्या नादात ती तेलाच्या नळीवरच लोंबकळत सोडली. "आरं, नळीला फास लावतोस व्हय गड्या? घाटात काय तुजी आकडेमोड गाडी थांबवणार हाय?" म्हणत त्याने आकडा माझ्या हातात दिला. ताशी पन्नासच्या वर तो कधी गेला नाही. लग्नाला निघालो की आम्ही थेट पंगतीलाच पोहोचायचो.

यंदा त्याचे गुडघे धरले होते, म्हणून गाडी गॅरेजला मी दिली. मीच.

दहाव्याला कृष्णाकाठी पिंडाला कावळा शिवेना. माझ्या पाठीमागे गॅरेजवाला कुणाला तरी सांगत होता, "दादा गाडी लय जोरात घेत हुते." मी हात जोडून म्हणालो, "दादा, चाकं मी खोलतो." त्यावर कावळा उतरला असे लिहिले तर खोटे होईल. दीड तासाने दर्भाचाच कावळा करावा लागला.

पोलिसांकडून गाडी ताब्यात आल्यावर दोन शेजाऱ्यांसमोर, दादाच्याच पान्यांनी खोलली. उजव्या कॅलिपरचा खालचा बोल्ट गायब, नळी तुटलेली. डावीकडचा खालचा जागेवर होता. दोन वेढ्यांत हातात आला. पट्टी लावली. दोन्ही एकाच लांबीचे हवेत; वरचा तीस मिलिमीटर, हा सोळा.

गॅरेजात जाऊन गिऱ्हाइकांदेखत तो टेबलावर ठेवला.

"आवं आण्णा, त्या दिवशी मापाचा नव्हता... तात्पुरता लावला. सांगायचं ऱ्हायलं."

"दहाव्याला तोंड उघडलंस, तवा न्हाई आठवलं?"

त्याने पाय धरले. मी पाय मागे घेतले. माफी मागायला तो दोनदा घरी आला. दोन्ही वेळा दार लावले.

बोल्ट आणि उजवा कॅलिपर पोलिसांत जमा आहेत. डावा मी दादाच्या तारेच्या आकड्याने फाटकाला टांगला आहे, नीट, नळीवर ताण न देता. गॅरेजवाल्याचा जायचा-यायचा रस्ता हाच. आठवडाभर तो मान खाली घालून गेला. आता मागच्या गल्लीने जातो. चारशे बारा पावले जास्त पडतात. मी मोजून आलो आहे.