ओढ्यातली नवी वाळू

सासूनं दोन बोटं पोरीच्या घशात घातली तेव्हा पोरगी निळी पडत होती. दोन वर्षांची होती. मी तिला पालथी धरली होती आणि शेजारीण मिठाचं पाणी पाजत होती. पोटात वाईट गेलं की ओकारी काढायची, एवढंच आम्हाला माहीत. ओकारी निघाली. तिला तेलाचा वास होता. पण पोरीचा श्वास त्यानंतर आणखीच घरघरायला लागला.

दुष्काळाचं साल होतं. ओढा कोरडा. वाळूत हातभर खड्डा उकरायचा, त्यात पाणी झिरपलं की वाटीनं घागर भरायची. त्याला आम्ही झिरा म्हणतो. वरच्या अंगाला गावाचा झिरा, खालच्या अंगाला आमच्या वस्तीचा. दोन्हींच्या मधून सहकारी तेल गिरणीचा पाइप ओढा ओलांडून जायचा. सडकेकडेच्या टाकीतलं जळणाचं तेल त्यातून गिरणीच्या बॉयलरला जाई. आदल्या संध्याकाळी तो फुटला होता. गिरणीनं ओढ्यातलं तेल काढलं नाही आणि वस्तीला सांगितलंही नाही. ट्रॅक्टरनं नवी वाळू आणून वर पसरली आणि फळीनं सारखी केली.

सकाळी आम्ही गेलो तर वाळू स्वच्छ, पांढरी. गिरणीचा वास रोजचाच, त्याला आमचं नाक मेलेलं. झिऱ्याचं पहिलं पाणी गढूळ असतं, ते उपसून टाकायचं. मी वाटी भरली, बाजूला ठेवली आणि घागर ओढायला वळले. पोरीनं वाटी तोंडाला लावली.

गिरणीचा मॅनेजर काठावरच जीप घेऊन उभा होता. वाळू नीट बसली का, ते बघायला आला होता. धावत खाली आला.

"घरात घासलेटची बाटली असेलच की, बाई," तो मला म्हणाला.

सासू उठून उभी राहिली. "दिव्याला घासलेट न्हाय आमच्यात, सायेब. पोरीला प्यायला कुठनं आणू? रेशनवाल्यानं तुमच्याकडं ठिवलंय का?"

"मावशी, रागावू नका. दवाखान्यात काय सांगायचं, तेवढं ठरवू. जीप उभीच आहे."

"आदी पोरगी बसवा, मंग ठरवा."

"आधी ठरलेलं बरं."

ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं होतं. तो आमच्याकडं बघत नव्हता.

मी म्हटलं, "घासलेट प्याली. घरातलं. चला."

"खोटं कशाला बोलतीस गं?" सासू म्हणाली.

"तुम्ही बाजूला व्हा."

दवाखाना किती लांब आहे ते मला माहीत होतं. सडकेवरचे ट्रक आमच्यासाठी थांबत नाहीत, हेही माहीत होतं.

डॉक्टरनं विचारलं, "काय प्याली?"

"घासलेट."

"ओकारी काढली का?"

"काढली."

"काढायची नसते. ओकताना तेल छातीत जातं." त्यानं पोरीच्या नाकाला नळी लावली. मी खाटेशेजारी खाली बसून राहिले.

तिकडं गिरणीची गडबड चालू होती, ती मला सासूनं दवाखान्यात येऊन सांगितली. वस्तीला गिरणीचा पाण्याचा टँकर सुरू झाला. गिरणीचे चेअरमन पेपरवाल्यासमोर ओढ्याचं पाणी पेला भरून प्याले. ते वरच्या झिऱ्याचं होतं. मग त्यांनी वस्तीतल्या बायकांची सभा बोलावली. विषय काय, तर घासलेटची बाटली लेकरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. सासूला पुढं बसवलं होतं.

चेअरमनचं बोलून झाल्यावर सासू म्हणाली, "समदं खरं हाय, चेअरमनसायेब. आमी उंचावर ठिवतो. तुमचं बी जरा वर उचला, ओढ्यात लई खाली आलंय."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. दुसऱ्या दिवशी टँकर वस्तीवर आला नाही. मग त्याच बायका सासूला म्हणाल्या, "म्हातारे, तोंड आवर की. घागरी पालथ्या पडल्यात." टँकर पुन्हा आला तेव्हा सासू पाण्याला गेली, पण सभेला पुन्हा गेली नाही.

पोरीचा ताप उतरेना. रात्री छातीवर हात ठेवला की आत पाणी उकळल्यासारखं लागायचं. डॉक्टर रोज म्हणायचा, उद्या बघू. मीही तेवढंच धरून होते. एके सकाळी तिनं भाकरी मागितली. मी चहात बुडवून दिली.

घासलेट प्यालेली पोरगी ती हीच, असं गावात अजून सांगतात. आई बेफिकीर, असंही म्हणतात. तिच्या सासरीही तेच माहीत आहे. मी कुणाला दुरुस्त करत बसले नाही. त्या बोलण्यावर जीप मिळाली होती.

गिरणी पुढं बंद पडली. पाइप कुणी तरी भंगारात विकला. चेअरमन गेले, सासूही गेली. मुलीला थंडीत खोकला येतो. तिला दोन लेकरं आहेत. ती जगली.